बाळ ज. पंडित : शब्दांतून मैदान उभे करणारे समालोचक

मराठीतून क्रिकेटचे धावते समालोचन करणाऱ्यांत बाळ ज. पंडित यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९२९ मध्ये जन्मलेल्या पंडितांचे १७ सप्टेंबर २०१५ रोजी पुण्यात निधन झाले. रणजी करंडक स्पर्धेत ते महाराष्ट्राकडून खेळले होते. खेळाडू, समालोचक आणि लेखक अशा तिन्ही नात्यांनी क्रिकेटशी त्यांचा संबंध आला.

भारतात नभोवाणीवरील क्रिकेट समालोचनाचा प्रारंभ १९३० च्या दशकातला. ए. एफ. एस. तल्यारखान यांच्या आवाजाने त्या काळी श्रोत्यांना भुरळ घातली. मात्र ते समालोचन इंग्रजीत असे. इंग्रजी न जाणणाऱ्याला धावसंख्या समजे, सामना समजत नसे. मराठी समालोचनाने ही उणीव भरून काढली.

तिचे मोल महानगरांबाहेर अधिक होते. मराठवाड्यात आजवर एकही कसोटी सामना झालेला नाही. मुंबई-पुण्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या किल्लारीसारख्या गावातील क्रिकेटप्रेमीला, दूरचित्रवाणी येण्यापूर्वी, चालू सामन्यात सहभागी होण्याचा मार्ग एकच होता : रेडिओ.

रेडिओच्या समालोचकाला चित्राचा आधार नसतो. क्षेत्ररचना, गोलंदाजाची धाव, चेंडूचा टप्पा, फलंदाजाचे पदलालित्य आणि सीमारेषेकडचा पाठलाग हे सारे काही क्षणांत सांगायचे. शिवाय नुकताच रेडिओ लावलेल्या श्रोत्यासाठी धावफलक पुन्हा पुन्हा उच्चारायचा. यष्टिरक्षक, पायचीत, धावचीत, निर्धाव षटक हे शब्द छापील मजकुरात शोभतात; खेळाच्या वेगात ते जिभेवर सहज रुळणे ही निराळी कसोटी. पंडितांसारख्या समालोचकांनी ती पार पाडली आणि क्रिकेटची मराठी परिभाषा बोलीत मिसळून गेली. विख्यात क्रीडा पत्रकार वि. वि. करमरकर यांनीही मराठी समालोचनाची ही वाट चोखाळली.

अमेरिकेत बेसबॉलचे समालोचक विन स्कली यांनी १९५० ते २०१६ अशी ६७ वर्षे डॉजर्स संघाचे सामने ऐकविले. लॉस एंजेलिसचे प्रेक्षक मैदानात बसूनही ट्रान्झिस्टरवर त्यांचा आवाज ऐकत. २०१६ मध्ये स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. २ ऑगस्ट २०२२ रोजी ते निवर्तले.

आवाजाचा सन्मान असाही करता येतो. पण रस्त्याची पाटी आवाज ऐकवू शकत नाही. फलंदाजाची शतके नोंदवहीत राहतात. समालोचकाचे शब्द मात्र उच्चारताच हवेत विरतात. म्हणूनच मराठी समालोचनाची जुनी ध्वनिमुद्रणे जिथे असतील तिथे ती जपणे आणि नव्या पिढीच्या कानी घालणे, हाच पंडितांसारख्यांचा खरा गौरव ठरेल.