पाळीचे पाणी आणि रात्रीची वीज

दिवाळी हा दिवे लावण्याचा सण. अशा दिवसांत दिवे मालविण्याची गोष्ट काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कारले वाढण्यासारखेच आहे. पण वाचकहो, पणती लावायची ती कोणाच्या तरी वाटेवर उजेड पडावा म्हणून. कुलूप लावलेल्या खोलीत रात्रभर तेल जाळणारी पणती आपल्या आजीने कधी खपवून घेतली नसती. मला सांगायचे आहे ते अशाच पणत्यांविषयी. आणि त्यासाठी प्रथम निरेच्या काठी जावे लागेल.

निरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. वीरच्या बंधाऱ्यापासून निघून बारामतीवरून इंदापूरकडे जाणाऱ्या या पाण्याने कोरडवाहू मुलखाचे रूप पालटले. पण पाणी आले तरी ते वापरण्याची शिस्त त्याच्याबरोबर आली नाही. पाऊस बरा झाला की कालव्याला गिऱ्हाईक नसे. पाऊस हुकला की सगळेच एकदम धावत. कोठे पिके सुकत, तर कोठे बेसुमार पाण्याने चांगली जमीन पाणथळ आणि खारवट होई.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी पुण्याच्या पाटबंधारे खात्यात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचे अभियंते होते. त्यांनी निरा कालव्यासाठी गट पद्धत, म्हणजे ‘ब्लॉक’ पद्धत, सुचविली. जमिनीचे गट पाडायचे, त्यांत पिके आलटूनपालटून घ्यायची आणि पाणी नेमल्या पाळीने सोडायचे. लोक आधी साशंक होते. पुढे पद्धत रुजली. तिचे मर्म मला एका वाक्यात सांगता येईल: दार उघडण्याइतकेच ते वेळेवर लावण्यालाही महत्त्व आहे. या भागातल्या शेतकऱ्याला आज हे कोणी शिकवावे लागत नाही. दारे धरणारा माणूस वाफा भरला की लगेच पाणी पुढे वळवितो.

पाण्यामागून वीज आली, आणि शेतीपंपाच्या विजेलाही पाळी लागली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाची भीती मनात ठेवून शेतकरी मोटार सुरू करायला निघे. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, यावरूनच त्या रात्रींची किंमत कळावी.

आता तालुक्याच्या कचेरीकडे वळू. सातबारा संगणकावर आला, कागद तारेवरून धावू लागले, आणि कचेरीच्या कोपऱ्यात राऊटर आणि स्विच नावाच्या पेट्या बसल्या. तारांतून येणारा मजकूर योग्य टेबलाकडे वळविणारे हे पाटकरीच म्हणा ना! राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला. वेळ पावणेदहा ते सव्वासहा. वीज वाचेल, हे त्याचे एक कारण सांगितले होते. मी हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. कचेरी उघडी साडेबेचाळीस तास. उरलेले साडेपंचवीस वर शंभर तास पंखे थांबतात, दिवे मालवले जातात. या पेट्या मात्र जाग्याच. समजा, एका कचेरीतल्या अशा पेट्या मिळून ८० वॅट घेतात. बंद वेळेतच आठवड्याला १० युनिटे, वर्षाला ५२० युनिटे गेली. आणि कचेऱ्या काय थोड्या आहेत?

कोणी म्हणेल, काम नसताना यंत्र वीज कमीच घेत असेल. तसे फारसे होत नाही. जुन्या रचनेत तारेवर मजकूर नसला तरी दोन्ही टोकांची यंत्रे एकमेकांना अखंड संकेत पाठवीत राहतात. रिकाम्या शेतात वाहणारा पाटच तो! अशा रिकाम्या वेळी तारेला डुलकी घेऊ देणारे प्रमाण २०१० साली ठरले. पण त्यासाठी दोन्ही टोकांची यंत्रे त्या जातीची लागतात, आणि पेटीचा बाकीचा खर्च चालूच राहतो. म्हणून माणसाच्या हाताला सुट्टी नाही.

सगळेच बंद करा, असे मी म्हणत नाही. पहाऱ्याचे कॅमेरे, आगीची सूचना देणारी यंत्रे आणि रात्री नकला साठविणारा संगणक यांची वाट मोकळीच हवी. पण बिनतारी जाळ्याच्या छतावरच्या डब्या आणि टेबलावरचे नवे फोन पुष्कळदा स्विचच्या तारेतूनच वीज घेतात. अशा स्विचला वेळापत्रक लावून देता आले, तर संध्याकाळी साडेसहाला तो त्यांची वीज तोडील आणि सकाळी साडेनऊला जोडील. झोपलेल्या संगणकाला तारेवरून हाक मारून उठविण्याची युक्ती तर १९९० नंतरच्या दशकातलीच आहे. यंत्रांचे गट पाडायचे, कोणाला केव्हा वीज लागते ते ठरवायचे, आणि पाळी संपली की दार लावायचे. ही गट पद्धत नव्हे तर दुसरे काय?

कचेरीत वाचलेले युनिट त्याच रात्री कोणा शेतकऱ्याच्या मोटारीला मिळेल, असा भाबडा हिशेब मी मांडत नाही. परंतु ज्या तालुक्यांत माणसे वीज पाळीने घेतात, तेथे त्यांच्याच सातबाऱ्याच्या कचेरीतील पेट्यांनी बिनपाळीची वीज प्यावी, हे मनाला पटत नाही. शंभर वर्षांपूर्वी निरेच्या पाण्याला जी शिस्त लागली, ती कोपऱ्यातल्या हिरव्या लुकलुकत्या दिव्यांना लावणे काही अवघड नाही. सुट्टीवर निघताना शेवटच्या माणसाने कुलपाला हात लावण्याआधी त्या कोपऱ्याकडे एकदा पाहावे, म्हणजे झाले.