एक वस्तुस्थिती, एकच जागा : रिलेशनल डेटाबेसचा इतिहास

#थ्रेड १/१२
एखाद्या ग्रंथालयाच्या देवघेव वहीत प्रत्येक नोंदीसोबत सभासदाचा पत्ताही लिहिला जात असेल, तर त्याने घर बदलताच सगळ्या जुन्या नोंदी दुरुस्त कराव्या लागतात. एक जरी राहिली, तरी खरा पत्ता कोणता हे वही सांगू शकत नाही. रिलेशनल डेटाबेसचा जन्म याच अडचणीशी जोडलेला आहे.

२/१२
१९६० च्या दशकात अपोलो मोहिमेच्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळणे हे मोठे आव्हान होते. त्यासाठी आयबीएमने रॉकवेल व कॅटरपिलर यांच्या सहकार्याने आयएमएस ही प्रणाली उभारली. तिची रचना वंशवृक्षासारखी होती : मुळापासून निघायचे आणि फांदीफांदीने हव्या त्या नोंदीपर्यंत उतरायचे.

३/१२
जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी नोंदींचे जाळे विणणारी आयडीएस प्रणाली घडवली होती. १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी प्रोग्रामरला माहितीच्या सागरातील दिशादर्शक नाविकाची उपमा दिली. उपमा सुंदर होती. परंतु नाविकाशिवाय प्रवासच अशक्य, हाही तिचा अर्थ होता. साठवणुकीची वाट बदलली की प्रोग्राम मोडत असे.

४/१२
एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले गणिती आणि दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक. आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करताना जून १९७० मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्रात कशी साठवली आहे हे जाणून घेण्याची सक्ती वापरणाऱ्यावर नसावी, हे त्याचे मुख्य सूत्र.

५/१२
एक गैरसमज येथेच दूर व्हावा. ‘रिलेशनल’ हे नाव तक्त्यांमधील नात्यांवरून पडलेले नाही. संचसिद्धान्तात ‘रिलेशन’ ही एक गणिती संकल्पना आहे आणि तक्ता हे तिचेच दृश्य रूप. ओळींचा क्रम महत्त्वाचा नाही. प्रत्येक ओळ तिच्यातील मूल्यांवरून ओळखता आली पाहिजे. ती ओळख पटवणारा स्तंभ वा स्तंभसमूह म्हणजे ‘प्रायमरी की’.

६/१२
आयएमएस हे आयबीएमचे चालते उत्पादन असल्याने स्वतःच्याच घरी कॉड यांच्या कल्पनेचे स्वागत थंड झाले. १९७४ साली अ‍ॅन आर्बर येथे कॉड व बाखमन यांचे पक्ष जाहीर वादात समोरासमोर आले. वरवर वाद तंत्राचा होता. खरा प्रश्न होता, माहितीला प्रश्न विचारण्याचा अधिकार कुणाचा : केवळ प्रोग्रामरचा, की कार्यालयातील सामान्य कर्मचाऱ्याचाही?

७/१२
कॉड यांनी ‘नॉर्मलायझेशन’चे नियमही मांडले. ग्रंथालयाच्या उदाहरणात सभासद, पुस्तके आणि देवघेव असे तीन तक्ते होतात. पत्ता केवळ सभासदांच्या तक्त्यात राहतो; देवघेवीत फक्त सभासद क्रमांक, पुस्तक क्रमांक व तारखा. पत्ता बदलला तर दुरुस्ती एकच. आणि देवघेवीची जुनी नोंद पुसली, तरी पुस्तकाची माहिती नष्ट होत नाही.

८/१२
सॅन होझे येथेच ‘सिस्टम आर’ प्रकल्प सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली ‘सीक्वेल’ ही प्रश्नभाषा मांडली. पुढे व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे तिचे नाव ‘एसक्यूएल’ झाले. हे निबंध जाहीर असल्याने इतरांनीही ते वाचले. परिणामी १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आले. आयबीएमचे एसक्यूएलवर आधारलेले उत्पादन त्यानंतर, १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार लाभला.

९/१२
आराखडा कागदावर कसा काढावा, याचे उत्तर १९७६ साली पीटर चेन यांनी दिले. ज्यांची नोंद ठेवायची त्या वस्तू चौकटीत, त्यांच्यातील संबंध समभुज चौकोनात. एक सभासद अनेक पुस्तके नेतो आणि एक पुस्तक कालांतराने अनेक सभासदांकडे जाते. म्हणून मध्ये देवघेवीचा तक्ता लागतो, हे अशा आकृतीतून सहज उमगते.

१०/१२
मेजावरच्या संगणकापर्यंत हा विचार वेगळ्याच वाटेने आला. वेन रॅटलिफ यांनी कार्यालयातील फुटबॉलची पैज जिंकण्याच्या खटपटीत ‘व्हल्कन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तोच पुढे ‘डीबेस टू’ या नावाने विकला गेला; ‘डीबेस वन’ कधी नव्हताच. भारतातील संगणकवर्गांत डीबेस थ्री प्लस आणि फॉक्सप्रो शिकवले जात. मात्र तेथे तक्त्यांमधील नात्याची राखण बहुतांशी प्रोग्रामलाच करावी लागे. ‘रिलेशनल’ हे बिरूद सर्रास मिरवले जाऊ लागले, तेव्हा कॉड यांनी १९८५ मध्ये ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’मधून आपले प्रसिद्ध बारा नियम मांडले.

११/१२
नोव्हेंबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस आले. दोन तक्त्यांमध्ये माउसने रेघ ओढायची आणि एका चौकटीत खूण करायची. मग अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावे पुस्तक नोंदवताच येत नाही. प्रायमरी की ठरवली नसेल, तर आपोआप वाढणारा क्रमांक देण्याची तयारीही ते दाखवते. पण तो क्रमांक एकाच माणसाची दोनदा झालेली नोंद अडवत नाही. दोन क्रमांक, दोन पत्ते. आणि वहीतली जुनी अडचण पडद्यावर परत.

१२/१२
म्हणून आराखड्याचा क्रम आजही तोच आहे : नोंद कशाची, तिची ओळख कशावरून, कोणती वस्तुस्थिती कोणत्या तक्त्यात, आणि रेघा सर्वांत शेवटी. कॉड २००३ साली निवर्तले. सामान्य कर्मचाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला, तो त्यांच्या विचारामुळे. उत्तर विश्वासार्ह असावे यासाठी तक्ते नीट आखण्याची जबाबदारीही त्याच अधिकारासोबत त्याच्याकडे आली.

(थ्रेड समाप्त)