देवडीवरचा दुभाषा

किल्ल्यांचा इतिहास लिहिणारे तट, बुरूज आणि तोफा मोजतात. देवडीवरच्या माणसाची दखल सहसा कोणी घेत नाही. आमच्या लोह्याहून कंधारचा भुईकोट लांब नाही. त्याचा खंदक पाहताना माझ्यासारख्या शाळामास्तराच्या मनात येते, की शत्रूला अडवणे त्या मानाने सोपे. आपल्याच माणसाला आत किती येऊ द्यावे, हा खरा प्रश्न.

संगणकाच्या राज्यात या देवडीवाल्याला 'शेल' म्हणतात. माणसाची आज्ञा ऐकून ती यंत्रापर्यंत पोचवणारा हा दुभाषा. मल्टिक्स या यंत्रणेच्या काळात लुई पूझाँ या फ्रेंच गृहस्थाने त्याला हे नाव दिले. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला. १९७९ साली स्टीव्ह बोर्न यांचा शेल आला, तर १९८९ साली ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश'. युनिक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या नावे सात रकान्यांची एक ओळ असते. सातव्या रकान्यात त्याच्या दुभाष्याचे नाव. तेवढे बदलले, की पुढच्या खेपेस दारात दुसराच भेटतो.

मराठवाड्याला याचे नवल वाटू नये. निजामाच्या कचेरीत आधी फारसी, मग उर्दू, रयत मराठी. अर्ज करायचा तर लिहिणारा शोधावा लागे. १९४८ साली ते राज्य गेले, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. जमीन तीच, दप्तरही तेच; पण दारातली भाषा बदलली आणि शेतकरी आपले म्हणणे आपण मांडू लागला. भाषा मिळणे म्हणजे अधिकार मिळणे.

म्हणूनच जाळ्याच्या राखणीला बसवलेल्या यंत्रावर ती जपून द्यावी लागते. १९९३ साली इस्राएलात स्थापन झालेल्या चेक पॉइंट कंपनीच्या 'गाया' यंत्रणेत दारावर 'सीलिश' असतो. त्याला ठरावीक आज्ञाच कळतात. त्यापलीकडे जायचे तर 'एक्स्पर्ट'चा वेगळा संकेतशब्द द्यावा लागतो. मात्र दुसऱ्या यंत्रावरून फाइल पाठवायची, तर सीलिशपाशी अडते. मग व्यवस्थापक एका ओळीत वापरकर्त्याचा शेल बॅश करतो, बदल जतन करतो आणि काम उरकतो.

येथेच गफलत होते. मुख्य व्यवस्थापकाच्या खात्याला बॅश दिला, की तो दुसरा संकेतशब्द न विचारताच माणूस थेट गाभाऱ्यात पोचतो. त्याचा पहिला संकेतशब्द चोरीला गेला, तर चोरही तेथेच पोचतो. म्हणून फाइल पोचताच सीलिश परत बसवावा. नाहीतर केवळ फाइलींची ने-आण करू देणारा शेल देऊन वेगळे खाते उघडावे.

रयतेला अधिकार उशिरा मिळाला, हे दुःख. यंत्रावर तो घाईने मिळतो, हा धोका. दोन्हीकडे तट शाबूत होता. निकाल देवडीवर लागला.