रशियातील भूदासत्व आणि न्यायमूर्ती रानडे यांची कृषिविषयक दृष्टी

प्रस्तावना :
न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२-१९०१) यांचा परिचय प्रामुख्याने समाजसुधारक म्हणून करून दिला जातो. तथापि, रशियातील भूदासांच्या मुक्तीवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला होता. दख्खनच्या रयतेची चिंता वाहणाऱ्या या विचारवंतास दूरच्या रशियाचा इतिहास का महत्त्वाचा वाटला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुक्तिपूर्व रशिया :
खाजगी जमीनदारांच्या ताब्यात दोन कोटींहून अधिक भूदास होते. मालकाच्या अनुमतीविना त्यांना गाव सोडता येत नसे. वेठ अथवा रोख खंड त्यांना द्यावाच लागे. मालकवर्गही कर्जमुक्त नव्हता. १८५९ पर्यंत सुमारे दोन-तृतीयांश भूदास सरकारी पतसंस्थांकडे गहाण पडले होते. १८६१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने भूदासत्व रद्द केले. शेतकऱ्यास जमीन मिळाली. परंतु तिचे मुक्तिमूल्य ४९ वर्षांत फेडण्याची अट त्याच्यावर लादली गेली.

रानडे यांचा दृष्टिकोन :
दख्खनची रयत कायद्याने भूदास नव्हती. तरीही शेतसारा आणि सावकारी कर्ज यांत ती जखडली गेली होती. १८७५ च्या दंग्यांनी हे उघड केले आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा करावा लागला. या पार्श्वभूमीवर रानडे यांनी रशिया व प्रशिया येथील भूमिसुधारणांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील अर्थशास्त्रीय सिद्धान्त सर्व देशांस सारखेच लागू पडतात, हे मत त्यांना मान्य नव्हते. शेतकऱ्यास स्थिर मालकी व स्वस्त पतपुरवठा मिळावा आणि त्यासाठी शासनाने पुढाकार घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती.

मर्यादा :
रानडे यांचा भर जमीनधारक रयतेवर होता. भूमिहीन मजूर व वतनाच्या बंधनातील जातींचा प्रश्न त्यांच्या कृषिविचारात दुय्यम राहिला. तो पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतन व खोती यांविरुद्धच्या लढ्यांतून ऐरणीवर आणला.

निष्कर्ष :
रशियातील मुक्तिमूल्याची वसुली १९०७ मध्ये संपली. ते पाहण्यास रानडे हयात नव्हते. वऱ्हाडातही डॉ. पंजाबराव देशमुखांना कर्ज लवाद कायद्यासाठी झटावे लागले. कौंडण्यपूर परिसरातील कापूस उत्पादकाच्या दृष्टीनेही हा प्रश्न केवळ गतकालीन नाही. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य कर्जाच्या ओझ्याखाली अपुरे ठरते, हाच या इतिहासाचा बोध होय.