चयापचय संलक्षण आणि धमनीकाठिण्य
कमरेभोवतीची चरबी, वाढलेला रक्तदाब, वाढलेली रक्तशर्करा, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले हितकर एचडीएल कोलेस्टेरॉल यांपैकी किमान तीन लक्षणे एकत्र आढळल्यास त्या अवस्थेस चयापचय संलक्षण म्हणतात. त्यात जादा शर्करा धमनीभित्तीतील कोलॅजेन तंतूंना परस्परांशी जखडते, तर इन्शुलिन-रोधामुळे धमनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड घटते. परिणामी धमनी ताठरते, हृदयाच्या ठोक्यातून उठणारा नाडीतरंग जलद धावतो (मान ते जांघ या टप्प्यात सेकंदास १० मीटरहून अधिक वेग धोक्याचा मानतात) आणि हृदयावरील भार वाढतो. सडपातळ भारतीयांतही हे घडत असल्याने कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंमी. धरतात. प्रौढपणीच्या अशा विकारांची मुळे शोधण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. सडपातळ व्यक्तींनाही धोका असल्याने चयापचय संलक्षण ओळखताना केवळ वजनकाट्यावर विसंबणे चुकीचे ठरते.