आधी कपडे, मग पाणी : एका नियमाचा इतिहास



एडमंटनच्या पूर्वेला रिफायनरी रो आहे, आपल्यातले कितीतरी जण तिथून रोज ये-जा करतात. अंगावर रसायन उडालं तर पहिल्यांदा काय करायचं, हे मुलांना माहीत हवं. तो नियम कसा आला, ते सांगते.

२ डिसेंबर १९४३. जर्मन विमानांनी इटलीतल्या बारी बंदरावर बॉम्ब टाकले. ‘जॉन हार्वे’ या अमेरिकन जहाजात मस्टर्ड वायूचे बॉम्ब होते, पण ते गुपित. पाण्यातून काढलेल्या खलाशांना ऊब मिळावी म्हणून तेलकट, ओल्या कपड्यांसकट ब्लँकेटात गुंडाळलं. विष अंगालाच चिकटून राहिलं. काही तासांनी डोळे सुजले, फोड आले. ६०० हून जास्त लोकांना बाधा झाली, ८३ दगावले. लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट अलेक्झांडर या डॉक्टरांनी कारण शोधलं, पण ते बराच काळ दडवलं गेलं.

आपल्या अल्बर्टातही तेच. मेडिसिन हॅटजवळच्या सफील्डला महायुद्धात कॅनडाच्याच सैनिकांवर या वायूच्या चाचण्या झाल्या. त्यांनाही गप्प राहायला सांगितलं. भरपाई जाहीर झाली २००४ मध्ये, प्रत्येकी २४,००० डॉलर.

२० मार्च १९९५. टोकियोच्या मेट्रोत सरीन सोडलं. सेंट ल्यूक्स हॉस्पिटलने लोकांना कपड्यांसकट आत घेतलं आणि कपड्यांतून वाफ निघत राहिली. नंतर ४७२ कर्मचाऱ्यांना विचारलं, तर ११० जणांना त्रास झालेला! बारीचा धडा ५१ वर्षांनी परत गिरवावा लागला.

आता अमेरिकेच्या मार्गदर्शनात ‘दहाचा नियम’ आहे. हिशेब सोपा : अंगावर १०० भाग रसायन असेल, तर कपडे उतरवल्यावर साधारण १० उरतात, कोरड्या कागदाने टिपल्यावर १, धुऊन पुसल्यावर ०.१. आम्लासारखं जाळणारं रसायन असेल, तर मात्र लगेच भरपूर पाणी. आणि शर्ट डोक्यावरून ओढायचा नाही, कापून काढायचा.

आपल्या घरांत खरी अडचण लाजेची. चारचौघांत कपडे काढायचे म्हटलं की मुलं थिजतात, आपणही. म्हणून आजच सांगून ठेवा : तिथून लांब जायचं, अंतर्वस्त्रांपर्यंतचे कपडे उतरवायचे, ९११ ला कळवायचं. चादर, आडोसा जरूर मागा, पण त्यासाठी थांबू नका.

हा नियम ज्यांच्या जिवावर शिकलो, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. आपल्या मुलांना निदान आपण सांगूया.