ऱ्होनकाठची द्राक्षवेल

वाचकहो, आज आपण फ्रान्समधल्या ऱ्होन नदीवरून प्रवास करू या. ही नदी स्वित्झर्लंडच्या हिमनदीतून निघते आणि ८१२ किलोमीटर वाहत जाऊन भूमध्य समुद्राला मिळते. लियों ते आर्ल या टप्प्यात हल्ली प्रवासी बोटी चालतात. गावोगावी उतरायचे, जुन्या वास्तू पाहायच्या आणि त्या त्या गावच्या वाइनची चव घ्यायची, असा हा प्रवास. वाइनचे नाव काढताच काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पण थांबा, आपली गोष्ट पेल्याची नाही. ती वेलीची आहे, आणि वेल लावणाऱ्या शेतकऱ्याची आहे.

लियोंहून निघाले की व्हिएन गाव लागते. तिथे रोमन बादशहा ऑगस्टस आणि त्याची राणी लिव्हिया यांचे देऊळ अजून उभे आहे. पुढे तूर्नों आणि तँ ही समोरासमोरची गावे. तँच्या डोंगरउतारावर दगडी बांध घालून द्राक्षबागा केल्या आहेत. बोलेनच्या जलपाशात बोट सुमारे २३ मीटर खाली उतरते, जणू एखाद्या खोल विहिरीतच! मग आविन्योंच्या अलीकडे, उजव्या तीरावर, रोकमोर नावाचे लहानसे गाव येते. इथे आपण उतरू या.

गाव लहान, पण इतिहास मोठा. १३१४ साली पोप पाचवा क्लेमंट इथल्याच किल्ल्यात वारला. पुढे हे वाइनचे मोठे बंदर झाले. खोटा माल खपू नये म्हणून १७३७ साली राजाज्ञा निघाली, की इथल्या पिंपांवर ‘सी.डी.आर.’ ही अक्षरे आणि सालाचा आकडा डागावा. त्या अक्षरांचा अर्थ ‘ऱ्होनचा उतार’.

याच परिसरात १८६० नंतरच्या दशकात संकट आले. शेजारच्या प्यूजो गावी हिरव्यागार वेली अवेळी पिवळ्या पडू लागल्या, आणि दोनतीन वर्षांत पार वाळून गेल्या. रोग तेलाच्या डागासारखा पसरू लागला. मेलेली वेल उपटून पाहावी, तर मुळे कुजलेली. कीड मात्र कुठेच नाही! माणसे चक्रावून गेली.

१८६८ साल उजाडले. रोकमोरकरांनी बागा वाचाव्यात म्हणून रोमहून संत व्हॅलेंटाइनचे अवशेष आणून चर्चमध्ये ठेवले. त्यांना हसू नका बरं का! डोळ्यांदेखत उभी बाग वाळते, तेव्हा माणूस देवाचेच पाय धरतो. त्याच वर्षी सँ-रेमीजवळ मोंपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांचे दोन सोबती बागेत उतरले. त्यांनी मेलेली वेल सोडून तिच्या शेजारची, अजून जिवंत असलेली वेल उपटली. भिंग लावले, तो मुळांवर पिवळ्या बारीक माव्यासारख्या किडींचे थर! रस संपला की कीड पुढच्या वेलीकडे निघून जाई. म्हणून मेलेल्या मुळाशी ती सापडत नसे. हिचे नाव फायलोक्झेरा. अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर ती आली होती.

आता उपाय काय? सरकारने बक्षीस लावले. १८७४ साली ते ३ लाख फ्रँक केले. ग्राव्हेसों गावच्या फोकाँ नावाच्या बागाईतदाराने हिवाळ्यात बागेत कित्येक दिवस पाणी कोंडून कीड बुडवली. पण डोंगरउतारावर पाणी कोंडायचे कसे? कोणी जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचले. ते गरिबाला परवडेना. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८.४ कोटी हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती सुमारे २.३ कोटींवर आली. कित्येक कुटुंबे गाव सोडून अल्जीरियाला गेली.

अखेर उपाय सापडला तो कीड आली त्याच देशात. अमेरिकेतल्या रानटी वेली या किडीबरोबरच वाढलेल्या. त्यांची मुळे तिचा मारा सोसत. तेव्हा खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा, असे कलम बांधायचे ठरले. पुष्कळांना ते रुचले नाही. “वाडवडिलांच्या वेलीला परके मूळ?” असे त्यांना वाटे. पण हळूहळू गावोगावी कलम बांधणे शिकवले गेले आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. ते ३ लाखांचे बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही.

आपल्या नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार आता म्हणतील, “कलम आम्हीही बांधतो की!” खरे आहे. आपल्याकडे कारण वेगळे आहे: पाण्याची ओढ आणि खारवट जमीन. पण त्यासाठी वापरतात तो डॉगरिज खुंट मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचाच.

गुरुजनहो, मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. बोटीतल्या प्रवाशाला किल्ले दिसतात, देवळे दिसतात. मातीखालचे मूळ दिसत नाही. ते दिसले ते, जिवंत वेल उपटून पाहण्याची बुद्धी ज्यांना झाली त्यांना. बागेत रोग शिरला तर वाळलेल्या झाडापाशी रडत बसू नये. शेजारच्या हिरव्या झाडाचे मूळ आधी पाहावे.